मार्मोटही खार आणि पडदा पसरून तरंगणारीही खार : हे कुळ एकच कसे?

सांजसावली

'खार' हा शब्द उच्चारला की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : खोडावरून डोके खाली करून सरसर उतरणारा, झुपकेदार शेपटीचा आणि पुढच्या दोन पायांत फळ धरून कुरतडणारा चपळ जीव. सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणाविषयी वाचत असताना मला कळले की खारींच्या कुळात, म्हणजे सायुरिडीत, सुमारे ३०० जाती मोडतात आणि त्यांत गवताळ डोंगरउतारांवर बिळे करून राहणारे स्थूल मार्मोट, वसाहती करून राहणारे प्रेअरी डॉग, गालांच्या पिशव्यांत दाणे भरून नेणारे चिपमंक आणि रात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणाऱ्या खारी हे सगळेच आहेत.

मला हे मनापासून पटलेले नाही. ज्याने आयुष्यात कधी झाडावर पाऊल ठेवले नाही आणि जो वर्षातील निम्म्याहून अधिक काळ जमिनीखाली झोपून काढतो, त्या मार्मोटला खारीच्या रांगेत बसवणे ही केवळ वर्गीकरणाची सोय असावी, असे मला वाटते. माझ्या मते झाडावरच्या खारी हे एक कुळ, जमिनीवरच्या हे दुसरे आणि तरंगणाऱ्या हे तिसरे, अशी विभागणी अधिक नैसर्गिक ठरेल. या सर्वांना बांधून ठेवणारे, बोट ठेवून दाखवता येईल असे एखादे लक्षण आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अस्थिपंजर

असे लक्षण आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही म्हणूनच आपल्याला हे कुळ विस्कळीत वाटते. कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते वापरण्यासाठी जबडा पुढे ओढणारा बळकट स्नायू लागतो. खारींमध्ये या चर्वणस्नायूचा बाहेरचा भाग गालाच्या हाडावरच न थांबता डोळ्याच्या पुढून वर सरकून मुस्कटाच्या बाजूला जोडलेला असतो. त्यामुळे पटाशीच्या दातांना कठीण कवच फोडण्याइतकी ताकद मिळते. ही रचना मार्मोटमध्येही आहे, चिपमंकमध्येही आहे आणि तरंगणाऱ्या खारींमध्येही आहे.

दुसरी खूण डोळ्याच्या खोबणीमागे सापडते. तेथे हाडाचे एक टोकदार शिंग बाहेर आलेले असते. एका संग्रहालयात मला मार्मोटची आणि तांबड्या खारीची कवटी शेजारी ठेवून पाहण्याची संधी मिळाली होती. आकारातील फरक सोडला तर मी एका दृष्टिक्षेपात त्यांना भावंडे म्हटले असते. पुढच्या पायांना चार बोटे आणि अंगठ्याच्या जागी केवळ खुंट, मागच्या पायांना पाच बोटे, हेही दोघांत समान आहे.

माळरान

या कुळातील आकारांचा पल्ला पाहिला तरी थक्क व्हायला होते. आफ्रिकेच्या पश्चिम-मध्य भागातील वर्षावनांतली खुजी खार साधारण १५ ग्रॅम वजनाची असते आणि शीतनिद्रेपूर्वी चरबी साठवलेला आल्प्समधला मार्मोट ८ किलोग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे एकाच कुळात पाचशे पटींच्या आसपास अंतर.

वंशावळ

माळरान यांनी नकळत या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण दिले आहे. धागाकर्त्यांच्या विभागणीप्रमाणे आफ्रिकेतील ती खुजी खार झाडावर राहते, म्हणून ती तांबड्या खारीच्या कुळात जाईल आणि मार्मोट वेगळ्या कुळात जाईल. प्रत्यक्षात रेणवीय, म्हणजे डीएनएच्या तुलनेवर आधारित, अभ्यासांनी दाखवून दिले आहे की आफ्रिकेतील झाडांवरच्या खारी आणि मार्मोट हे एकाच उपकुळात येतात. त्या खुज्या खारीचे तांबड्या खारीशी जितके नाते आहे, त्यापेक्षा मार्मोटशी अधिक जवळचे नाते आहे.

सध्या या कुळाची पाच उपकुळे मानली जातात. मोठ्या खारींच्या उपकुळात केवळ चार जाती आहेत; शेकरू त्यांपैकी एक आणि चारही आशियातल्याच. दक्षिण अमेरिकेतील एका चिमुकल्या खारीसाठी एक संपूर्ण उपकुळ राखून ठेवावे लागले आहे, कारण तिला जवळचे कोणीच नाही. उत्तरेकडील परिचित तांबड्या आणि करड्या खारी ज्या उपकुळात आहेत, त्याच उपकुळात सर्व तरंगणाऱ्या खारीही आहेत. चौथे उपकुळ दक्षिण आणि आग्नेय आशियातील रंगीबेरंगी खारींचे असून पाठीवर पट्टे असलेल्या आपल्या परिचयाच्या खारी त्यातच येतात. पाचव्यात मार्मोट, प्रेअरी डॉग, चिपमंक, जमिनीवरच्या बहुतेक खारी आणि आफ्रिकेतील झाडांवरच्या खारी आहेत.

यातून असा निष्कर्ष निघतो की तरंगणाऱ्या खारींना कुळाबाहेर काढायचे ठरवले, तर त्याआधी शेकरूला बाहेर काढावे लागेल, कारण तरंगणारी खार तांबड्या खारीला शेकरूपेक्षा अधिक जवळची आहे. झाड, जमीन आणि हवा ही राहणीची वर्णने आहेत. त्यांवरून नाती ठरवता येत नाहीत.

सांजसावली

वंशावळ, आपला प्रतिसाद मी तीनदा वाचला. शेकरूला बाहेर काढण्याची माझी अजिबात तयारी नाही! परंतु एक शंका राहतेच. पट्टे असलेली खार आणि चिपमंक हे दिसायला इतके सारखे असूनही वेगवेगळ्या उपकुळांत असतील, तर दिसण्यावर विश्वास ठेवायचा तरी किती?

वंशावळ

या कुळात तो बेतानेच ठेवावा. उघड्यावर दिवसा वावरणाऱ्या लहान प्राण्याला पाठीवरचे पट्टे लपायला उपयोगी पडतात, आणि ते या कुळात स्वतंत्रपणे एकापेक्षा अधिक वेळा आलेले आहेत. चिपमंकांच्या सुमारे २५ जातींपैकी एक सोडून बाकी सर्व उत्तर अमेरिकेत आहेत. ती एक सायबेरियापासून पूर्व आशियापर्यंत पसरलेली आहे.

वाऱ्यावर

तरंगणाऱ्या खारींविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. 'उडणारी खार' हा शब्द रूढ असला तरी या खारी पंख हलवून उडत नाहीत. पुढच्या आणि मागच्या पायांमधील कातडीचा पडदा ताणून त्या उंचावरून खाली तरंगत जातात आणि उतरण्यापूर्वी शरीर उभे करून वेग मोडतात. त्यांच्या ५० च्या आसपास जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य आशियात आहेत.

ज्याला बोट ठेवून दाखवण्याजोगे लक्षण हवे आहे, त्याने त्यांच्या मनगटाकडे पाहावे. मनगटाच्या बाहेरच्या बाजूने कूर्चेची एक लांब काडी निघते आणि छत्रीच्या काडीप्रमाणे पडद्याची कड ताणून धरते. आफ्रिकेत अगदी अशाच दिसणाऱ्या, शेपटीच्या तळाशी खवले असलेल्या कृंतकांचे एक कुळ आहे. त्यांच्यातही पडदा आहे आणि कूर्चेची काडीही आहे, पण ती कोपरातून निघते. एवढ्या एका फरकावरून कळते की दोघांनी तरंगण्याची कला स्वतंत्रपणे मिळवली आणि ते प्राणी खारी नाहीत. ऑस्ट्रेलियातील शुगर ग्लायडर तर पोटावर पिशवी असलेला शिशुधानी प्राणी आहे.

स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ सापडलेल्या, सुमारे १ कोटी १६ लाख वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्याचे वर्णन २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मनगटातील हाडांची ठेवण आजच्या मोठ्या तरंगणाऱ्या खारींसारखीच होती. इतक्या काळात त्या मनगटात फारसा बदल झालेला नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

हिमरेषा

तरंगणाऱ्या खारींचा विषय निघालाच आहे, तर लोकरी खारीचा उल्लेख व्हायलाच हवा. हिंदुकुश आणि काराकोरमच्या भागातील ही भली मोठी, दाट केसांची खार अनेक दशके कोणाच्या दृष्टीस पडलेली नव्हती आणि ती संपली असावी असेच मानले जात होते. १९९४ साली पाकिस्तानच्या उत्तर भागात ती पुन्हा जिवंत सापडली. २०२१ साली हिमालयाच्या पूर्वेकडच्या भागातील तिच्या आणखी दोन जातींचे वर्णन झाले. याउलट अरुणाचलातील नामदाफा येथील तरंगणाऱ्या खारीचा आजवर एकच नमुना उपलब्ध आहे आणि तो १९८१ सालचा आहे. एवढे मोठे प्राणी जर नजरेतून सुटत असतील, तर ३०० हा आकडा अंतिम आहे असे मी समजत नाही.

शिशिर

मार्मोट वर्षातील निम्म्याहून अधिक काळ झोपून काढतो, असे सांजसावली यांनी जरा तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. मला वाटते की या कुळाची सर्वांत विलक्षण गोष्ट नेमकी त्या झोपेतच दडलेली आहे.

उत्तर ध्रुवीय प्रदेशातील जमिनीवरची खार वर्षातील सात ते आठ महिने बिळात शीतनिद्रेत असते. अलास्कातील या खारींवरच्या संशोधनातून १९८९ साली असे प्रसिद्ध झाले की शीतनिद्रेत त्यांच्या शरीराचे तापमान उणे २.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. पाणी ज्या तापमानाला गोठते त्याच्याही खाली गेलेले शरीर, आणि तरीही रक्तात बर्फाचा एक स्फटिक नाही! रक्तात गोठणरोधक द्रव्य असावे असा अंदाज होता, पण तसे काही आढळले नाही. द्रव अतिशीत अवस्थेत राहतो, म्हणजे स्फटिक तयार व्हायला आधार मिळत नाही म्हणून तो गोठत नाही. डोके आणि मान मात्र शून्याच्या वर राखली जातात.

ही झोप सलगही नसते. साधारण दोन-तीन आठवड्यांनी ती खार साठवलेली चरबी जाळून शरीर पुन्हा ३६-३७ अंशांपर्यंत तापवते, एक दिवसही पुरता न राहता परत थंड होते आणि हे चक्र वसंतापर्यंत चालू राहते. हिवाळ्यासाठी साठवलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा या मधल्या जागे होण्यावरच खर्च होतो. त्यामुळे शीतनिद्रेला निव्वळ झोप म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उंच कुरण

आल्प्समधील मार्मोट एकत्र कुटुंबाने शीतनिद्रा घेतात आणि थोरले प्राणी पिल्लांना आपल्या उबेने जगवतात. लहान शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते, त्यामुळे पहिला हिवाळा पिल्लाला एकट्याने निभावणे कठीण असते. उंच डोंगरावरच्या कुरणात मी एकदा एक संपूर्ण सकाळ मार्मोटांच्या बिळांसमोर बसून काढली होती. एक जण मागच्या पायांवर उभा राहून पहारा देत होता आणि त्याची एक तीक्ष्ण शीळ ऐकू येताच सगळे कुरण क्षणात रिकामे झाले. त्या दिवसापासून 'स्थूल मार्मोट' हे शब्द मला खटकतात.

अस्थिपंजर

इशारा देण्याच्या या सवयीवर जमिनीवरच्या खारींमध्ये एक अत्यंत महत्त्वाचा अभ्यास झालेला आहे. पॉल शर्मन यांनी १९७७ साली कॅलिफोर्नियातील बेल्डिंग खारींविषयी दाखवून दिले की जमिनीवरून भक्षक येत असताना हाक देणाऱ्या बहुतांशी माद्या असतात, आणि त्यातही ज्यांच्या लेकी-बहिणी आसपास राहतात त्या अधिक हाक देतात. नर वयात आल्यावर दूर निघून जातात, त्यामुळे त्यांचे नातलग जवळ नसतात. हाक देणारीचा स्वतःचा जीव धोक्यात येतो, तरीही ती हाक देते. निसर्गातील त्यागाचा उगम नात्यात शोधणाऱ्या विचाराला मिळालेला हा एक भक्कम पुरावा ठरला.

पडताळा

चर्चा गौरवाकडे झुकत आहे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. मार्मोट हे प्लेगच्या जिवाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान आहेत. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची जी साथ आली, तिचा संबंध फरसाठी होणाऱ्या तारबागान मार्मोटांच्या शिकारीशी जोडला जातो आणि त्या साथीत सुमारे ६०,००० माणसे दगावली.

उंच कुरण

हे खरे आहे, परंतु त्याचा क्रमही सांगायला हवा. फरचे भाव वाढल्यावर अननुभवी शिकारी मोठ्या संख्येने त्या प्रदेशात उतरले. आजारी प्राणी ओळखून टाळण्याची स्थानिक शिकाऱ्यांची रीत त्यांना ठाऊक नव्हती. पुढचा प्रसार माणसांच्या श्वासातून आणि रेल्वेमार्गांनी झाला. साथीशी लढणारे डॉक्टर वू लियन-तेह यांनी हा रोग हवेतून पसरतो हे ओळखून कापडी मुखपट्ट्यांचा आग्रह धरला, त्याचे कारणही हेच. मार्मोट त्या साथीच्या आरंभी होता, पण तिला वाढवले ते माणसांनी.

शब्दवेध

वंशावळ यांच्या मांडणीला भाषेची थोडी जोड देतो. सायुरिडी हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ 'सावली' आणि 'शेपूट' या दोन शब्दांच्या जोडीतून लागतो : शेपटीच्या सावलीत बसणारा. हे केवळ काव्य वाटेल, परंतु आफ्रिकेच्या दक्षिणेकडील कोरड्या प्रदेशातील केप खार भर उन्हात चरताना खरोखरच शेपूट पाठीवर छत्रीसारखी धरते आणि तिच्या सावलीत अधिक वेळ बाहेर राहू शकते. ही खार जमिनीवरची आहे, झाडावरची नाही. म्हणजे कुळाच्या नावाला सर्वांत शब्दशः जागणारा प्राणी धागाकर्त्यांच्या विभागणीत कुळाबाहेर गेला असता.

आणखी एक गोष्ट. मलय भाषेत 'तुपाई' हा शब्द खारींसाठी वापरतात आणि खारीसारख्या दिसणाऱ्या वृक्ष-चिचुंद्रीसाठीही. तिचे शास्त्रीय नाव त्यावरूनच पडले, पण ती कृंतकही नाही. सामान्य शब्द दिसण्याला नाव देतो आणि शास्त्र नात्याला. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत.

माळरान

शेपटीचा विषय निघाला म्हणून : कॅलिफोर्नियातील जमिनीवरच्या खारी रॅटलस्नेकसमोर शेपूट हलवताना तिच्यात जास्त रक्त सोडून ती तापवतात, कारण तो साप उष्णता पाहू शकतो. ज्या सापाला उष्णता जाणवत नाही, त्याच्यासमोर त्या शेपूट हलवतात पण तापवत नाहीत. २००७ साली हे प्रयोगाने सिद्ध झाले.

रानबी

इतका वेळ वाचत होतो. आता मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग लिहितो, तो म्हणजे बिया. करडी खार ओकची फळे एकेक करून वेगवेगळ्या जागी पुरते आणि त्यांतली न खाल्लेली फळे पुढे रुजतात, एवढे बहुतेकांना माहीत असते. परंतु तिची निवड पाहण्यासारखी आहे. तांबड्या ओकच्या गटातील फळे हिवाळाभर सुप्त राहतात, म्हणून ती पुरून ठेवता येतात. पांढऱ्या ओकची फळे शरदातच अंकुरतात आणि साठा वाया जातो. म्हणून पांढऱ्या ओकचे फळ हाती लागले की खार बहुधा ते लगेच खाते, आणि पुरायचेच झाले तर आधी दातांनी त्यातला गर्भ कोरून काढते. उत्तर अमेरिकेतील तांबडी खार मात्र सूचिपर्णी झाडांची फळे एकाच ढिगात साठवते आणि त्या ढिगाचे जिवाच्या आकांताने रक्षण करते.

या साठवणीची सर्वांत दीर्घ कहाणी सायबेरियातील आहे. कोलिमा नदीकाठच्या कायम गोठलेल्या जमिनीत ३८ मीटर खोलवर जमिनीवरच्या खारींची सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीची बिळे सापडली. त्यांत साठवलेल्या अपक्व फळांच्या ऊतींपासून रशियन शास्त्रज्ञांनी एक रोप वाढवले, त्याला पांढरी फुले आली, बी धरले आणि ते बी रुजलेही. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्या खारीने ती फळे आपल्या हिवाळ्यासाठी ठेवली, तिला तो साठा कधी उघडता आला नाही, हे वाचताना माझे मन भरून आले होते.

पडताळा

करड्या खारीचे कौतुक वाचून ब्रिटनमधील तांबड्या खारींची आठवण झाली. १८७६ साली चेशायरमध्ये करड्या खारी सोडल्या गेल्या आणि पुढे त्यांनी बहुतांश प्रदेशातून तांबड्यांना हटवले. त्यांच्यासोबत आलेल्या देवीसदृश विषाणूने करड्यांना फारसे काही होत नाही, पण तांबड्या मरतात. या कुळातील विविधतेविषयी बोलताना एकाच कुळातील एक जात दुसरीला कशी संपवू शकते, हेही सांगितले पाहिजे. करड्या खारींचे नियंत्रण कठोरपणे व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानबी

नियंत्रणाला माझा विरोध नाही, परंतु दोष सोडणाऱ्यांचा आहे हे विसरू नये. शिवाय आयर्लंडचा अनुभव वेगळा मार्ग दाखवतो. तेथे १९११ साली लाँगफर्ड परगण्यात करड्या खारी सोडल्या गेल्या होत्या. संरक्षण मिळाल्यानंतर पाइन मार्टेन हा भक्षक सावरला आणि बेटाच्या मध्यभागातून करड्या खारी ओसरून तांबड्या परतल्या. तांबडी खार या भक्षकासोबत हजारो वर्षे राहिलेली आहे. करड्या खारीचा त्याच्याशी असा परिचय नव्हता.

गाळखडक

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण अस्थिपंजर यांच्या पहिल्या उत्तरात एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. जबड्याच्या स्नायूची ती रचना आजच्या सर्व खारींत आहे हे बरोबर आहे, परंतु ती कुळाची व्याख्या होऊ शकत नाही. उत्तर अमेरिकेत सापडलेली सर्वांत जुनी ज्ञात खार, डग्लससायुरस, सुमारे ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. तिच्या हातापायांची हाडे आजच्या झाडावरच्या खारींशी आश्चर्यकारकरीत्या जुळतात, पण तिच्या जबड्याचा स्नायू जुन्याच ठेवणीचा आहे. शिवाय स्नायूची तशीच मांडणी बीव्हरसारख्या इतर कृंतकांतही स्वतंत्रपणे आलेली आहे.

म्हणजे झाडावर चढणारे शरीर आधी आले आणि कठीण कवच फोडणारा जबडा नंतर. सांजसावली यांच्या मनातील खारीचे चित्र मूळ पूर्वजाच्या बरेच जवळ जाते, आणि मार्मोट हा त्या झाडावरच्या पूर्वजाचाच जमिनीवर उतरलेला वंशज आहे.

अस्थिपंजर

दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. मी आजच्या प्राण्यांवरून बोललो आणि जीवाश्म विसरलो.

सांजसावली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी तीन कुळांची माझी सूचना मागे घेते. जे चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते ते चुकीचे नव्हते, फक्त मी त्याला कुळाचे कुंपण समजत होते आणि ते निघाले कुळाचे मूळ. मार्मोटला मी यापुढे खारच म्हणेन, आणि उंच कुरण यांची 'स्थूल' या शब्दाबद्दल क्षमा मागते.

जाता जाता एकच विचारायचे आहे. वंशावळ यांनी दक्षिण अमेरिकेतील ज्या चिमुकल्या खारीसाठी स्वतंत्र उपकुळ राखल्याचे लिहिले, तिच्याविषयी कोणी आणखी सांगू शकेल का?

वंशावळ

ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वर्षावनात उंच झाडांवर राहते. डोके आणि धड मिळून तिची लांबी सुमारे १० सेंटिमीटर असते आणि वजन ५० ग्रॅमच्याही आत. दक्षिण अमेरिकेतील बाकीच्या खारी तुलनेने नव्या आहेत. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची भूपट्टी जोडली गेल्यानंतर त्या उत्तरेकडून आल्या आणि झपाट्याने पसरल्या, असे मानले जाते. ही चिमुकली खार मात्र कुळाच्या अगदी आरंभीच्या फांद्यांपैकी एक आहे, म्हणजे त्या भूपट्टीपेक्षा तिची शाखा कितीतरी जुनी आहे. मधल्या कोट्यवधी वर्षांत तिचे पूर्वज कोठे होते, हे सांगणारे एकही हाड अजून कोणाच्या हाती लागलेले नाही.

गाळखडक

मी ज्या थरांत काम करतो ते त्या काळाचेच आहेत, पण उत्तरेकडचे. दात सापडला तर याच धाग्यावर पहिल्यांदा लिहीन.